तारेवर नसलेलं कार्ड

पेणला जुना कागद टिकत नाही, आणि त्याला वाळवीपेक्षा गणपती जास्त जबाबदार आहेत. कागदाच्या लगद्याच्या मूर्ती करणाऱ्यांना रद्दी लागते, आणि लगद्याच्या पिंपात पडलेल्या कागदावर काय लिहिलं होतं याची चौकशी कोणी करत नाही. मी ज्या वाचनालयात काम करत होते तिथल्या कार्यकारिणीने एकदा निरुपयोगी पुस्तकं काढून टाकायचं ठरवलं. कार्यकारिणीत सगळे पुरुष. त्यामुळे निरुपयोगी काय, हे ठरवायला त्यांना एक दुपार पुरली. बायकांची मासिकं, नववधूला उपदेश करणारी पुस्तकं, बाळंतिणीच्या खाण्यापिण्याची पुस्तकं, एका विधवेने स्वखर्चाने छापलेल्या ओव्या, असा ढीग दाराशी लागला आणि कारखान्याचा माणूस गोणी घेऊन आला. मी त्या माणसाला चहा पाजला, बोलण्यात गुंतवला आणि ढीग माझ्या घरी हलवला. त्या साली शेजारच्या जोहे गावच्या एखाद्या गणपतीचं पोट माझ्यामुळे जरा पोकळ राहिलं असेल. माझा नाद तिथून सुरू झाला.

घरी अर्थातच कौतुक झालं नाही. यजमान म्हणाले, "लोक रद्दी विकतात, तू आणतेस." सासूबाईंनी पापडाचे डबे माझ्या खोलीतून बाहेर काढले, कारण जुन्या कागदाचा वास पापडाला लागतो म्हणे. मी मात्र हट्टाला पेटले होते. पुस्तकांवरून पत्रांकडे वळले आणि मग सुटकाच राहिली नाही. कोणाच्या घरी माळा आवरतायत असं कळलं की मी पिशवी घेऊन दारात हजर. एकदा तर एका घरी म्हातारीला दवाखान्यात नेत होते आणि मला पाहून तिची सून म्हणाली, "अजून आहेत त्या. तुम्ही दिवाळीनंतर या."

जमवता जमवता एक गोष्ट लक्षात आली. माझ्याकडची सगळी पत्रं वकील, मास्तर, मामलेदार यांच्या घरच्या बायकांची. भात आणि वाल पिकवणाऱ्या घरांतून एक चिठोरं नाही. मुंबईच्या एक प्राध्यापकबाई माझा संग्रह पाहायला आल्या होत्या. त्या हळहळल्या. शेतकऱ्याच्या बायकोने स्वतःच्या हाताने लिहिलेलं एक जरी पत्र मिळालं तरी फार मोलाचं, असं म्हणाल्या आणि आमच्याकडचे पोह्याचे पापड घेऊन गेल्या. मी मग तेच धरून बसले.

ते मिळालं निडीला. नागोठणं आणि रोहा यांच्या मधलं हे स्टेशन, गाडी थांबते तेव्हा उतरणाऱ्यालाच नवल वाटतं. तिथल्या एका घरचा मुलगा रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये होता, त्याने जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायला काढलं होतं. त्याची बायको माझ्या ओळखीच्या शिक्षिकेची मैत्रीण. तिने निरोप धाडला की सासूच्या खोलीत भिंतीला पत्रांची तार आहे, हवी तर न्या, नाही तर मी चुलीत घालते. पूर्वी आलेलं पत्र वाचून झालं की तारेच्या आकड्याला टोचून ठेवत. सगळ्यात जुनं तळाला, नवीन वर, आणि प्रत्येकाच्या मधोमध एक भोक. तशी ती तार, काळी पडलेली. मी उतरवून घेतली तेव्हा तिच्या सासूबाई शेतावर होत्या. "त्यांना विचारायचं का?" मी विचारलं. सून म्हणाली, "त्यांना आता दिसत पण नाय नीट."

घरी आणून एकेक पत्र तारेतून सोडवलं. सगळी एकाच हातची. थोरली बहीण जोह्याला दिलेली, धाकटी निडीला, दोघी गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या, आणि थोरली धाकटीला लिहीत होती. मला अक्षरशः नाचावंसं वाटलं. तिच्या पत्रात मायना अर्ध्या ओळीत उरकलेला आणि लगेच कामाची भाषा. वाल पेरले, गाय आटली, दिराने दोन दिवस जेवणावर राग काढला, मी पण वाढलं नाही. पेणची बांगडीवाली येते, तिच्याजवळ माझं मन मोकळं होतं. सही म्हणून फक्त "तुझी ताई". नाव कुठेच नाही. बायकांचा इतिहास लिहिणाऱ्याने हे पहिल्यांदा शिकून घ्यावं, की नावं मिळणार नाहीत.

तारेवरचं सगळ्यात वरचं, म्हणजे शेवटचं पत्र स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं होतं. त्यात थोरलीने लिहिलं होतं, "लावणी उरकली की येऊन जा. मला बरं वाटत नाही. यावेळी नाही आलीस तर मला बहीण नाही असं समजेन." त्यानंतर तारेवर एकही पत्र नाही. मी लगेच निष्कर्ष काढला. निष्कर्ष काढण्यात माझा हात कोणी धरू शकत नसे. दोघी बहिणींत फाटलं, आणि का फाटलं याचंही उत्तर माझ्याकडे तयार होतं, कारण आधीच्या एका पत्रात बापाच्या शेताचा उल्लेख होता. जमीन, वाटा, माहेरचा हक्क. त्यावर मी रोह्याच्या एका महिला मंडळात भाषण दिलं. भाषण छान झालं. बायका माना डोलवत होत्या. पहिल्या ओळीत त्या निडीच्या सूनबाईने सासूलाही आणून बसवलं होतं, पत्रांच्या मालकीणबाई म्हणून त्यांना नारळ द्यायचा होता.

मी वाक्य टाकलं, "आणि इथे या दोन बहिणींचं नातं कायमचं तुटलं." पहिल्या ओळीतून आवाज आला, "नाय गो. तुटलं बिटलं काय नाय. मेली ती."

सभागृहात असं काही झालं की पुढे काय करायचं हे कोणत्याच मंडळाच्या घटनेत नसतं. अध्यक्षीणबाईंनी घाईघाईने नारळ दिला आणि चहा जाहीर केला. मी कप घेऊन म्हातारीजवळ जाऊन बसले. मला मनातून रागच आला होता, तिचा नव्हे, तारेचा. मी म्हटलं, "मग गेल्याचं पत्र का नाही तारेवर?"

म्हातारीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी ऊन कुठून येतं असं विचारलं. "मेल्याचं कार्ड कोन घरात ठेवतं? ते वाचायचं नि दारातच फाडायचं. तुझ्या घरी नाय फाडीत?"

फाडतात. माझ्याही घरी फाडत. मला हे माहीत होतं, आणि तरीही इतकी वर्षं पत्रं जमवताना माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. वर "श्री" नसलेलं कार्ड आलं की उंबरठ्याबाहेर उभं राहून वाचायचं, फाडायचं, अंघोळ करायची. मी स्वतः असलं काही मानत नाही, हे मी ज्याला त्याला सांगत असे. पण माझ्या कपाटात लग्नं होती, बारशी होती, लोणच्यांची कृती होती, आणि मरण एकही नव्हतं. माझ्या संग्रहातल्या बायका पत्रं लिहिता लिहिता एकदम गप्प होत होत्या आणि मी त्याला भांडण म्हणत होते.

मग म्हातारीने मला पुढचं सांगितलं. कार्ड आलं तेव्हा ती पोटुशी होती. सासरा अंगणात उभा राहून मोठ्याने वाचायला लागला, कारण त्याला मनात वाचता येत नसे. पहिली ओळ झाली आणि त्याला उमगलं की दारात सून उभी आहे. त्याने पुढचं गिळलं, कार्ड फाडलं आणि गोठ्यामागे टाकून आला. पोटुशीला काही कळलेलं नाही, असं सगळ्या घराने ठरवलं. त्यामुळे तिला डोक्यावरून पाणीही घेऊ दिलं नाही. ती भाकऱ्या थापत बसली.

"कार्ड खालपर्यंत भरलेलं व्हतं गो," ती म्हणाली. "मी बघितलं ना. एवढं काय लिवलं असंल? नंतर सासऱ्याला विचारलं तर म्हनाला, मेली म्हणून लिवलंय, आनि काय लिवनार. ती माझ्यावर रागावून मेली काय ते मला समजलंच नाय. तिनं बोलावलं, मी गेले नाय. मला धाडली नाय, लावणी उरकलीच नव्हती. पण तिला काय ठाव?" आणि मग तिने माझा हात धरला. "तू एवढे कागद शोधतेस. तेवढं बघ ना."

मला खरं तर हसू यायला हवं होतं. तेव्हा पोटात असलेला मुलगा आता पन्नाशीच्या घरात आला होता, आणि त्याची आई तेव्हाच फाडलेलं कार्ड माझ्याकडे मागत होती. पण मला हसू आलं नाही, उलट अंगात आलं. कारण मला एक गोष्ट ठाऊक होती. अशी कार्डं एकट्याला कोणी लिहीत नाही. घरातला लिहिता माणूस कार्डांचा गठ्ठा घेऊन बसतो आणि एकच मजकूर साऱ्या नातेवाइकांना उतरवून काढतो. म्हणजे तेच कार्ड थोरलीच्या नणंदेला जित्याला गेलं असणार, पेणला गेलं असणार, सगळीकडे. माझ्या साऱ्या संग्रहात सर्वात जास्त प्रती निघालेला कागद हाच, आणि एकही प्रत उरलेली नाही.

मी शोधायला लागले. त्यातली मजा सांगायची तर आधी जित्याला त्या नणंदेच्या घरी गेले. "तुमच्याकडे कोणी वारल्याचं जुनं कार्ड ठेवलंय का?" असं मी विचारलं आणि घरातली बाई जी आत गेली ती बाहेर आलीच नाही. तिचा नवरा म्हणाला, "बाई, आमच्याकडे पोरीला बघायला मानसं यायचीत. आज नको." मी रस्त्यापर्यंत पोहोचले तेव्हा मागे पायरीवर पाणी ओतल्याचा आवाज आला. जोह्याला तर थोरलीचं घरच आता मूर्तींचा कारखाना झालं होतं. तिच्या नवऱ्याने पुढे दुसरं लग्न केलं होतं आणि तोही कधीच गेला होता. दुसरीचा मुलगा गणपतीचे डोळे काढत बसला होता, त्याने ब्रश खाली ठेवला आणि हात जोडले. "इथे देव रंगतायत. मेल्याचं नाव नका काढू." मी निघाले. अंगणात सगळीकडे सोंडा सुकत होत्या आणि पिंपात रद्दी भिजत होती. मी सवयीने वाकून पाहिलं. वर्तमानपत्रं होती.

घरी आल्यावर यजमान म्हणाले, "आता स्मशानात पण चौकशी करून ये." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्या दोन दिवसांत परत सगळी पत्रं वाचून काढली आणि त्या बांगडीवालीशी येऊन अडखळले. पेणची बांगडीवाली. मी जित्याला गेले, जोह्याला गेले, आणि जिच्याजवळ थोरलीचं मन मोकळं व्हायचं ती माझ्याच गावची होती. मुसलमान मोहल्ल्यात चौकशी केली तर आमच्या वाचनालयापासून चार गल्ल्या पलीकडे तिचं घर निघालं. म्हातारी जिवंत होती, कानाने ठणठणीत, ओट्यावर बसून सुपारी कातरत होती.

"जोह्याची? ती उंच? हातात हिरव्याशिवाय भरायची नाय?" तिने नातसुनेला आतून पत्र्याची डबी आणायला सांगितली. डबीत एक मोडकी बांगडी, रेशनचं जुनं कार्ड, आणि त्याखाली ते. पोस्टकार्ड. वर "श्री" नाही. कडा तपकिरी झालेल्या, पण अखंड.

"तुम्ही फाडलं नाही?" मी विचारलं.

"कशाला फाडू? आमच्यात फाडीत नाय. तिच्या मालकानं धाडलं, गौरीला मी बांगड्या घेऊन जानार व्हते ना, उगीच खेपा घालू नये म्हनून. पोस्टमननं वाचून दाखवलं तेव्हा. वाच परत. लय वर्सं झाली."

मी ओट्याच्या पायरीवर बसून वाचलं. "वि. वि. आमचे कुटुंब काल सकाळी वारले. ताप होता. शेवटपर्यंत शुद्धीवर होते. निडीच्या धाकट्या बहिणीची आठवण काढत होते. तिला आणू नका, ती पोटुशी आहे, पावसात रस्ता वाईट आहे, असे म्हणाले. मागील पत्रात रागाने लिहिले ते तिने मनावर घेऊ नये, मी रागावले नाही, असे तिला कळवा म्हणाले. तसे तिला कळविले आहे. प्रत्येकास वेगळे लिहिणे होत नाही, हेच सर्वांनी समजावे."

थोरलीचं नाव इथेही नव्हतं. मरणाच्या कार्डातही ती "आमचे कुटुंब" होती. पण माझं लक्ष दुसऱ्याच ओळीवर खिळलं होतं. तसे तिला कळविले आहे.

बांगडीवाली सुपारी चघळत म्हणाली, "तेव्हा सगळीकडे हेच बोलनं. मी बांगड्या भरायला जाईन तिथे बायका बोलायच्या, मरताना पन बहिनीची समजूत काढून गेली बाय. सगळ्यांना ठाव व्हतं."

सगळ्यांना ठाऊक होतं. जित्याच्या नणंदेला, जोह्याच्या शेजारणींना, पेणच्या पोस्टमनला. एका बहिणीने दुसरीला पाठवलेला निरोप साऱ्या तालुक्याने वाचला, डोळे पुसले आणि फाडला. जिला तो होता तिला कोणी सांगितला नाही, कारण तिला कळवलेलं आहे असं त्यातच लिहिलेलं होतं. मला त्या पायरीवर रडू आलं, ते मी लपवलंही नाही.

कार्ड देताना बांगडीवाली म्हणाली, "ने तिला. तिचंच हाय ते."

आता माझ्यातला संग्राहक गप्प बसला होता असं समजू नका. निडीच्या गाडीत बसल्याबसल्या मी त्या कार्डाला प्लॅस्टिकची पिशवी घातली, पिशवीबाहेर पुठ्ठा लावला, आणि प्राध्यापकबाईंना काय लिहायचं याची वाक्यंसुद्धा जुळवली. असं कार्ड अख्ख्या महाराष्ट्रात दुसरं सापडणार नाही, हे वाक्य तर मी कासू स्टेशन यायच्या आधीच पक्कं केलं. झेरॉक्स काढायची राहिली होती, कारण त्या सकाळी पेणला लाईट नव्हती. येताना काढू म्हटलं.

निडीला नव्या घराला अजून गिलावा झाला नव्हता. म्हातारी अंगणात वाल सोलत होती. मी म्हटलं, "सापडलं." तिने वालाचं सूप बाजूला सारलं आणि उठून उभी राहिली. मी बसून वाचायला लागले तर म्हणाली, "बसून नाय. उभी राहून वाच. नि आत नको, हितंच वाच."

मी उभी राहिले आणि वाचलं. सासऱ्याने वाचली होती ती पहिली ओळ झाली, तिथे माझाही आवाज थांबला, आणि म्हातारी म्हणाली, "पुढं." मी पुढे वाचत गेले. पोटुशी आहे, रस्ता वाईट आहे, इथे तिचे ओठ हलायला लागले. "मी रागावले नाही" आलं तेव्हा तिने हात वर केला, थांब म्हणून. मग म्हणाली, "परत वाच ते." मी तेवढंच परत वाचलं. तिने तिसऱ्यांदा वाचायला लावलं. सून दारात येऊन उभी राहिली होती, तिला काही कळेना.

"झालं सगळं? खालपर्यंत?"

"झालं. खाली काही नाही."

"दे."

मी दिलं. म्हटलं दिसत नसलं तरी हातात घेऊन बघायचं असेल, छातीशी धरायचं असेल. मी डोळ्यांत पाणी आणून तयारच होते. म्हातारीने कार्ड दोन्ही हातांत धरलं, मधोमध टर्रकन फाडलं, मग आडवं फाडलं, मग पुन्हा, आणि अंगणाच्या कडेला गटाराकडे टाकलं.

मी किंचाळले. खोटं कशाला सांगू, मी चांगलीच किंचाळले. "अहो काय केलंत! सबंध मुलखात एवढं एकच उरलं होतं!"

"मग?" ती शांतपणे म्हणाली. "वाचून झालं ना? घरात कशाला ठेवायचं ते? माझ्या बहिनीचं मरान काय भिंतीला लावू?" आणि सुनेकडे वळून म्हणाली, "पानी काढ गो. डोक्यावरनं घेनार हाय. तेव्हा मला घेऊ दिलं नाय."

न्हाणीघराला अजून दार बसलेलं नव्हतं, नुसतं साडीचं धडपं लावलेलं. आतून पाण्याचा तांब्या ओतल्याचा आवाज आला आणि त्याबरोबर तिचा आवाज, मोठ्याने, मोकळा, ताई गो, ताई गो, असा. मी तशीच अंगणात उभी होते. माझ्या हातात रिकामी प्लॅस्टिकची पिशवी आणि पुठ्ठा. तुकडे गटाराच्या काठावर पडले होते, एकावर निळ्या शाईची अर्धी ओळ दिसत होती. ते अजून भिजले नव्हते. गोंदाने जोडता आले असते. मी रस्त्यावरचे, माळ्यावरचे, लगद्याच्या पिंपातले कागद उचललेली बाई आहे.

सुनेने झाडू घेतला. ती चांगली मुलगी होती, माझा चेहरा तिला बघवेना. हळूच म्हणाली, "ताई, तुकडे गोळा करून देऊ काय पिशवीत? तुम्हाला लागतात ना?"

"नको," मी म्हटलं. "त्यांचं झालं की माझ्यासाठीही पाणी काढ."